अंतोनीच्या हातातलं बाळ

१

सकाळची कॉफी अजून चुलीवरच होती, आणि संत अंतोनीचे हात रिकामे होते.

देल्फिनाची हाक ऐकून मी अनवाणीच ओसरीत धावले. माझ्यामागून माझा नवरा रोसेंदो आला, एका पायात चप्पल घालून. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला दुसरी चप्पल वेळेवर सापडलेली नाही, पण चोरीचा वास मात्र अजून लांबून येतो. कोनाड्यातला लाकडी अंतोनी नेहमीसारखाच मान कलती करून उभा होता. त्याच्या डाव्या हातावर बसलेलं वीतभर बाळ गायब होतं, आणि बाळाच्या डोक्यावरचा सोन्याच्या तारकामाचा मुकुटही.

"काल दिवेलागणीला होतं," देल्फिना म्हणाली. घर तिचं. नदीकाठच्या भिंतीला लागून असलेलं हे पडकं घर तिने वर्षानुवर्षं खपून उभं केलं, आणि मोम्पोस गावात येणाऱ्या पाहुण्यांना रात्रीपुरतं राहायला खुलं केलं. आम्ही लग्नाच्या वाढदिवसाला एक रात्र शांत झोपायला आलो होतो. आमच्या नशिबी शांतता लिहिलेलीच नाही.

"चोर कशाला शोधताय?" स्वयंपाकघराच्या दारातून निकोलासा म्हणाली. ती या घरची स्वयंपाकीण, दोनदा विधवा झालेली आणि तोंडाला फडकं बांधायचं माहीत नसलेली. "उद्या अंतोनीचा सण. आजच्या दिवशी बाळ जातं ते कशासाठी, हे काय मी सांगायला हवं, पोरी?" आमच्याकडे मालकीण पन्नाशीला टेकली तरी स्वयंपाकीण तिला पोरीच म्हणते.

आणि खरंच, आमच्या नदीकाठी ते सांगावं लागत नाही. लग्न न जमणाऱ्या बाईने अंतोनीच्या हातातलं बाळ गुपचूप काढायचं, लपवायचं, आणि त्याला बजावायचं की माझं मागणं पुरं कर, मग तुझं बाळ परत घे. मागणं पुरं होईपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. बोललं की मोडलं. बिचाऱ्या अंतोनीला शतकानुशतकं असं ओलीस धरून नवरे वसूल केले गेलेत.

देल्फिना कानापर्यंत लाल झाली. घरात बिनलग्नाची बाई ती एकटीच.

"नवरा मागणारी मुकुट नेत नाही, निकोलासा. मुकुटही गेलाय. ही चोरी आहे."

समोरचं आणि मागचं, दोन्ही दारं आतून अडसर लावून बंद होती. म्हणजे जे कुणी होतं, ते आत्ता इथेच उभं होतं. किंवा बसलेलं होतं, कारण देल्फिनाचे म्हातारे मामा कास्तुलो कोनाड्याजवळच आपल्या झुलत्या खुर्चीत होते.

मग कार्ताहेनाहून आलेला दुसरा पाहुणा, जुन्या वस्तूंचा व्यापारी लिसांद्रो, घसा साफ करून म्हणाला, "गैरसमज नको, पण दारापाशी एक पेटी दोरीने बांधून ठेवलीये. तिचा मालक दुपारच्या लाँचने चाललाय. उघडून बघितली की आपण सगळेच मोकळे."

पेटी फर्मिनची होती. या घरातलं प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी, प्रत्येक तुळई ज्याच्या हातून नवी झाली तो सुतार फर्मिन. काम संपलं होतं; इतके दिवस तो याच घराच्या मागच्या खोलीत राहत होता. तो मागांगेला चालला होता, तिथून पुढे कुठे जाणार ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो शांतपणे पेटीवर जाऊन बसला.

"नाही उघडणार," तो म्हणाला.

२

रोसेंदो अशा वेळी फार गोड बोलतो. ज्याच्याशी तो गोड बोलतो त्याने सावध व्हावं.

आधी त्याने लिसांद्रोला अंगणातल्या आंब्याखाली नेलं. मी कॉफी द्यायच्या निमित्ताने मागे गेलेच.

"काल संध्याकाळी तुम्ही त्या बाळाकडे फार वेळ बघत होता," रोसेंदो म्हणाला.

"मुकुटाकडे बघत होतो. मुकुट जुना आहे, इथल्याच कुण्या सोनाराच्या हातचा, आणि हात देवाचा होता त्याचा. बाळ साधंच, त्यातून नाक तुटून पुन्हा चिकटवलेलं. इन्स्पेक्टर, मला चोरायचं असतं तर मी मुकुट उचलला असता आणि बाळाला गोड झोपू दिलं असतं."

"हे तुम्ही फार मोकळेपणी सांगताय."

"धंद्यात खोटं बोलतो. सकाळी उपाशीपोटी जमत नाही."

माणूस मला आवडला नव्हता, पण हे मात्र खरं वाटलं.

निकोलासा मासे साफ करत होती. रोसेंदोने तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "दोन नवरे पुरले मी. तिसरा मागायला बाळ नेईन होय? उलट अंतोनीला सांगेन, बाबा, चुकूनही देऊ नकोस. आणि मुकुटाचं म्हणाल तर दर शनिवारी बाळाला उतरवून मीच पुसते. न्यायचाच होता तर इतके शनिवार कशाला थांबले असते?"

"उतरवता कसं?"

"डावीकडे फिरवून. खाली खुंटी आहे. फर्मिनने नवी बसवली तशी. आधीची वाळवीने खाल्लेली होती, ती नुसती वर ओढली की यायची."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, फर्मिनला, आणि सरसाचं भांडं धरून जी त्याच्या शेजारी दिवसभर उभी होती तिला." निकोलासाने देल्फिनाच्या खोलीकडे सुरी रोखली. "भांडं धरायला दिवस लागतो का हो बाई? पण लागला."

मी हसले. रोसेंदो हसला नाही. तो फर्मिनकडे गेला.

"पेटीत काय आहे?"

"माझं आहे ते."

"मग दाखवायला हरकत काय?"

फर्मिनने आपल्या हातांकडे पाहिलं. "इन्स्पेक्टर, तुम्ही म्हणालात तर नाही उघडणार. त्या व्यापाऱ्याने म्हटलं तर मुळीच नाही. देल्फिनाबाई स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या की फर्मिन, पेटी उघड, तर उघडेन. लगेच उघडेन. मात्र त्यानंतर या घराचा उंबरा मी चढणार नाही. सणाला नाही, मयताला नाही."

देल्फिना ओसरीच्या खांबाआड उभी होती. तिने ते ऐकलं. मी तिच्याकडे गेले तर तिने माझा हात घट्ट धरला.

"उद्या अख्खी गल्ली येणार आहे अंतोनीला फुलं घालायला," ती म्हणाली. "त्याचे हात रिकामे दिसले की लोक म्हणतील, सुतार गेला त्याच दिवशी बाळ गेलं. मी उघड म्हटलं तर तो जन्मात परत येणार नाही. आणि नाही म्हटलं तर जन्मभर त्याच्या नावाला डाग. मी काय करू, ओतिलियाताई?"

"तुला तो परत यायला हवा आहे का?"

बाई पन्नाशीची असली म्हणून काय झालं, अशा वेळी तिचं तोंड सोळा वर्षांच्या पोरीसारखंच होतं.

तेवढ्यात रोसेंदोने मला हळूच हाक मारली. तो कोनाड्यापुढे स्टुलावर चढला होता आणि अंतोनीच्या झग्याच्या, मानेमागे लोंबणाऱ्या टोपडीत बोटं घालून चाचपत होता. त्याने हात बाहेर काढला. दोन बोटांत सोन्याचा मुकुट होता.

३

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"मी कधी कुणाला काय सांगितलं?"

त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. सदतीस वर्षांच्या संसारात नवरे असं बघायला शिकतात.

मुकुट पडला नव्हता. पडेल, हरवेल म्हणून कुणीतरी काळजीने टोपडीत ठेवला होता. म्हणजे लिसांद्रो सुटला. चोरीही सुटली. राहिलं फक्त मागणं, आणि मागणं म्हटलं की बाई आली. मी सोडून घरात दोन बायका. मला विचाराल तर मला एकच नवरा जड झालाय.

"देल्फिनाच," मी म्हणाले. "फर्मिन चाललाय, म्हणून तिने बाळ उचललं. आता लाजेने चोरी चोरी करतेय."

"मग हे बघ." त्याने अंतोनीच्या हाताकडे बोट दाखवलं. हातातल्या भोकात खुंटीचा तुकडा अडकून राहिला होता. वरचा भाग बाळाबरोबर गेला होता. "खुंटी मोडलीय. देल्फिनाला फिरवायचं माहीत होतं. निकोलासालाही. फर्मिनने तर स्वतः केली."

"मग ज्याला माहीत नव्हतं त्याने मोडली."

"ज्याला माहीत नसतं तो आधी हलवून बघतो. इकडे, तिकडे. भोकाच्या कडा खरचटतात. इथे रंगाचा टवकासुद्धा उडालेला नाही. एका दमात सरळ वर उपसलंय. ओतिलिया, हा माणूस गोंधळला नव्हता. त्याला खात्री होती. तो चुकला फक्त."

मी विचार करत राहिले, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष तिथे नव्हतं. मी सकाळपासून मनातून रुसले होते, आणि रुसण्याचं कारण कास्तुलोमामा.

आदल्या संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा सगळी गल्ली रिवाजाप्रमाणे खुर्च्या दाराबाहेर काढून नदीचा वारा खात झुलत होती. मला बघून मामा उठले. गुडघे कडकड वाजले, डोळ्यांना धड दिसत नाही, तरी उठले, टोपी काढली, आणि मी बसेपर्यंत उभे राहिले. एके काळी नदीवरची आगबोट चालवणारा माणूस. आमच्या बाजूचे पुरुष आता असे राहिले नाहीत. मग त्यांनी आपल्या बेत्साबेची गोष्ट सांगितली. ती गेल्याला बरीच वर्षं झाली. "मी तिचा नवरा कसला, खंडणी," ते म्हणाले होते. "याच अंतोनीचं बाळ तिने पळवलं होतं. सरळ वर ओढलं म्हणे, दाढ उपटतात तसं. आठवडाभरात माझी बोट इथल्या गाळात रुतली."

आणि आज? आज सकाळपासून मी त्यांच्यासमोरून चारपाच वेळा गेले, देल्फिना गेली, निकोलासा गेली. मामा एकदाही उठले नाहीत. खुर्ची झुलतसुद्धा नव्हती. मांडीवर टोपी पालथी घातलेली, तिच्यावर दोन्ही हात, आणि...

मी तिथेच थांबले.

"रोसेंदो," मी म्हणाले, "बाळ पळवणारी बाईच असली पाहिजे, असं कुणी सांगितलं आपल्याला?"

४

मी एकटीच गेले. रोसेंदो गेला असता तर त्याने गोड बोलून म्हाताऱ्याला रडवलं असतं.

मामांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. बाहेर नदी मातकट वाहत होती. धक्क्यावर लाँचमध्ये केळीचे घड चढवत होते.

"मामा, आज उठला नाहीत मला बघून."

"गुडघे, पोरी."

"कालही तेच गुडघे होते."

त्यांचे टोपीवरचे हात जरा घट्ट झाले.

"मी काही विचारत नाही," मी म्हणाले. "विचारलं तर तुम्हाला सांगावं लागेल, आणि बोललं की मोडतं. ते मला ठाऊक आहे. मी नुसती बडबडते, तुम्ही ऐका. तो पोरगा पेटीवर बसलाय. लोक त्याला चोर म्हणायच्या बेतात आहेत. तो तसाच गेला तर ज्या कुणी जे काही मागितलंय, ते नदीत गेलं."

"अंतोनी बघेल."

"अंतोनीला लाँचची वेळ माहीत आहे का?"

मला एकदम वाईट वाटलं. आपलं तोंड उघडलं तर मागणं मोडणार, मिटून ठेवलं तर माणूस चालला. सकाळपासून हा पेच मांडीवर घेऊन ते बसून होते.

"त्याच्यावर आळ येईल असं वाटलं नव्हतं," ते अगदी हळू म्हणाले, माझ्याशी नाही, टोपीशी. "त्याच्यावर कोण आळ घेईल? तो तर घरचाच."

मी उठले, त्यांच्या टकलावर हात ठेवला, आणि नवऱ्याला शोधायला गेले.

५

"सगळ्यांना बोलाव," मी रोसेंदोला म्हणाले. "पण मुकुट खिशातच राहू दे. खुंटीबद्दलही बोलू नकोस."

"वेडी आहेस का? तोच तर पुरावा. तो सुटतो त्याने."

"पुराव्याने सुटला तर पुराव्यानेच निघूनही जाईल. तुझा पुरावा थोडा वेळ गिळ."

निवृत्त इन्स्पेक्टरला पुरावा गिळायला सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला सांगणं. पण त्याने गिळला. यासाठी मी त्याचं ऋण मानते, आणि हे त्याला कधी सांगणार नाही.

सगळे ओसरीत जमले. धक्क्यावरून लाँचचा पहिला भोंगा झाला. फर्मिन उभा राहिला आणि त्याने पेटीची दोरी हातात घेतली.

"देल्फिना," रोसेंदो म्हणाला, "बाळ कुठे आहे ते मी आता सांगू शकत नाही. पेटी उघडायची की नाही, ते तूच ठरव."

लिसांद्रो म्हणाला, "यात ठरवायचं काय आहे?" निकोलासाने त्याच्या पायावर पाय दिला. चुकून नव्हे.

देल्फिना खांबापासून पुढे आली. ती अंतोनीकडे बघत नव्हती, पेटीकडेही नाही.

"उघडायची नाही," ती म्हणाली. "उद्या लोकांनी विचारलं तर मी सांगेन, बाळ माझ्या हातून हरवलं. काय हसायचं ते मला हसा." मग ती त्याच्याकडे वळली. "आणि फर्मिन, ती पेटी लाँचवर चढवायचीही नाही. मागच्या खोलीत नेऊन ठेवा. तुम्ही गेलात तर हे घर मला नको. इतकी दारं केलीत तुम्ही, मला एकातूनही आत यावंसं वाटणार नाही."

दुसरा भोंगा झाला. फर्मिनच्या हातातली दोरी खाली पडली.

रोसेंदोचा संयम तेवढाच होता. "मुकुट!" असं ओरडून त्याने तो खिशातून काढला, आणि मग एका दमात सगळं सांगितलं. मुकुट टोपडीत होता म्हणजे चोरी नाही. खुंटी सरळ उपसून मोडली म्हणजे फर्मिन नाही, निकोलासा नाही, देल्फिना नाही, आणि कडा शाबूत म्हणजे गोंधळलेला परका माणूसही नाही. "ज्याने नेलं त्याला जुनी रीत माहीत होती, नवी नव्हती. ज्याने ती रीत कुणाच्या तरी तोंडून ऐकली आणि आयुष्यभर जपली, असा इथे एकच माणूस आहे. त्याचं नाव मी घेणार नाही."

घ्यायची गरजही नव्हती. मामांनी मांडीवरची टोपी उचलली. खाली बाळ झोपलं होतं, बेत्साबेच्या जुन्या रुमालात गळ्यापर्यंत गुंडाळलेलं. त्याचं चिकटवलेलं नाक तेवढं बाहेर.

"मामा," निकोलासा म्हणाली, "या वयात नवरा कुणासाठी मागितलात? मला सांगून तरी मागायचा."

"नवरा नाही मागितला मी. पोरीचं लग्न तिचं ती बघेल." मामांनी बाळ देल्फिनाच्या हातात दिलं. "अंतोनी हरवलेलंही शोधून देतो ना? ते मागितलं. बेत्साबे होती तोवर या घरात रोज भांडण व्हायचं. मिठावरून, खिडकीवरून, माझ्या बुटांवरून. ती गेली आणि घर गप्प झालं. मग फर्मिन आला, तुम्ही दोघं दिवसभर रंगावरून कचाकचा भांडायला लागलात. मी इथे बसून ऐकायचो. मला वाटायचं, माझं घर सापडलं. काल फर्मिन शेवटचा खिळा ठोकून मोकळा झाला. दोघंही एकमेकांना 'आभारी आहे' म्हणालात. मला भीती वाटली."

देल्फिना रडू लागली. माझेही डोळे भरले, ते मी कशाला लपवू.

फर्मिन मात्र खाली बसला आणि पेटीची गाठ सोडू लागला. "आता दाखवतो," तो म्हणाला. झाकण उघडलं. हत्यारांच्या वर लाकडाच्या लहान लहान फळ्या रचून ठेवल्या होत्या, सगळ्या निळ्या. फिकट, गर्द, हिरवट, राखी. खिडक्यांसाठी त्याने करून दाखवलेला आणि देल्फिनाने नको म्हटलेला एकेक निळा. एकही त्याने टाकला नव्हता.

"हे सगळ्यांसमोर उघडायचं होतं का मी?" तो पुटपुटला. "लोक हसले असते."

देल्फिना गुडघ्यांवर बसली. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने ती फळ्या चाळत होती. अचानक तिचा हात थांबला. तिने एक फळी उजेडात धरली.

"हा कधी दाखवलात मला?"

"पहिल्याच वर्षी. नको म्हणालात."

"मी? हाच तर मला हवा होता."

"बाई, तुम्ही म्हणालात, हा निळा आजारी दिसतो."

"तो दुसरा. तो आजारी होता. हा कुठे आजारी आहे? डोळे तपासून घ्या."

"मी डोळे तपासू? नदीकडच्या सगळ्या खिडक्या तीनदा रंगवल्या मी, तुझ्या एका शब्दावर."

"मग चौथ्यांदा रंगव. आणि ही खुंटी कुणी उलटी फिरणारी करून ठेवली? साधी सरळ केली असतीस तर मोडली असती का?"

"उलटी? अगं, सगळ्या जगात ती तशीच फिरते."

'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. बाहेर लाँचने तिसरा भोंगा दिला आणि ती केळी घेऊन मागांगेकडे निघून गेली. निकोलासा मासे करपतात म्हणून आत पळाली, रोसेंदो मला विचारू लागला की त्याची दुसरी चप्पल मी कुठे ठेवली, आणि मी त्याला सांगू लागले की ती माझ्या ताब्यात कधीच नव्हती. ओसरीत चार माणसं एकाच वेळी बोलत होती. कास्तुलोमामांनी मान मागे टेकली, डोळे मिटले आणि खुर्चीला हलकेच एक झोका दिला.